हॉटेलातला जावई वऱ्हाडात

मला स्वस्थ बसता येत नाही. घरच्यांनी हे केव्हाच मान्य केलं आहे, पण या हिवाळ्यात त्यांचाही धीर सुटला. मी पुण्यात डबिंगचं काम करते, म्हणजे परक्या भाषेतल्या चित्रपटांचे संवाद मराठीत लिहिते आणि बऱ्याचदा बोलतेही. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतात तिथे आपल्या वाक्यात प, ब, म असलं अक्षर यावं आणि त्याचं तोंड बंद झालं की आपलंही वाक्य संपावं, एवढ्या एका हिशेबात माझी पंचवीसेक वर्षं गेली. वर्षभरापासून हे काम आटत चाललं आहे. आता यंत्रं बोलतात आणि ती दमत नाहीत. काम नसलेल्या दुपारी मी हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये फिरत असे. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, कुठेतरी जाऊन तरी ये."

त्याच आठवड्यात अमरावतीहून रमेशभाऊ इंगोल्यांचा फोन आला. आमची ओळख एका महोत्सवातली, तीही चहापुरती. एके काळी साऱ्या वऱ्हाडातल्या टॉकीजना चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या अमरावतीहून जात, आणि रमेशभाऊंच्या वडिलांचं त्या धंद्यात ऑफिस होतं.

"ताई, मी लहान होतो ना, तवा तंबूच्या टॉकीजमंधी इंग्रजी पिच्चर लागे," ते सांगू लागले. "पडद्याच्या बाजूले एक मानूस उभा राहे. गोरी बाई रडून राह्यली की तो वरडे, 'हिचा बाप लगनाले नाई म्हनते!' आमाले तेवढंच पुरे. तसा खेळ मले एकदा करून पाहाचा हाय. तुमी या."

त्यांनी निवडलेला चित्रपट हॉलिवूडचा जुना, गाण्यानाचण्याचा विनोदी चित्रपट होता. एका आलिशान हॉटेलातल्या चपला-जोड्यांच्या दुकानात काम करणारा तरुण आपण लक्षाधीश असल्याची थाप मारतो. त्याच हॉटेलात लिफ्ट चालवणारी मुलगी खरं तर मालकाची लेक असते. थापा वाढतात, मुलीची आत्या मध्ये येते, आणि शेवटी तो खरं बोलतो आणि भल्या मोठ्या पांढऱ्या जिन्यावर दोघं नाचत सुटतात. रमेशभाऊंनी त्याचं बारसं केलं होतं, 'हॉटेलातला जावई'. गाणी मूळचीच ठेवायची. संवाद आले की आवाज बंद करून माणसांनी पडद्याशेजारी माइकवर बोलायचं. गुरुवारी अमरावतीत खेळ आणि रविवारी अकोल्यात.

मी रात्रीची गाडी पकडली.

अमरावती

फेब्रुवारी लागला होता. सकाळी गारवा आणि दहा वाजले की उन्हाचा चटका, असं धड इकडे ना तिकडे हवामान होतं. मलाही तसंच वाटत होतं. रमेशभाऊंनी स्टेशनवरून थेट गिला वडा खायला नेलं. दह्याताकात बुडालेला, वरून झणझणीत. पुण्यात सकाळी सकाळी असं काही कोणी समोर ठेवलं असतं तर मी नको म्हटलं असतं. इथे दुसरी प्लेट मागवली.

तालीम त्यांच्या घरीच होती. नायिका मी, कारण श्रीमंताची लेक पुणेरी बोलली तर वेगळं सांगावं लागणार नाही, असं रमेशभाऊंचं मत. आत्या कांताबाई राऊत. त्यांचा वलगावला फुलांचा मळा, आणि अमरावतीच्या बाजारात त्या स्वतः हार विकायला बसतात. आवाज असा की गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून वळावं. उरलेली सगळी पात्रं, शिवाय आवाज कमीजास्त करायचं बटण, रमेशभाऊंकडे. आणि नायक गजानन वानखडे.

गजानन तेल्हाऱ्याचा. घरी कपाशीची शेती. चौतिशीतला, उंच आणि काटक. खुर्ची असूनही भिंतीला टेकून उभा होता. मी नमस्कार केला तर नुसती मान हलवली. मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय.

पडदा सुरू झाला आणि हा माणूस बोलायला लागला. मी माझं वाक्य विसरले. गोऱ्या नायकाच्या तोंडून वऱ्हाडी अशी ओघळत होती की जणू तो दर्यापूरच्या बाजारात वाढला असावा. "मी कोन हाय मालूम हाय का तुले? माह्या बापाच्या इतक्या मोटारी हायेत, की कोनती कुठी उभी केली हे पाहाले वेगळी मोटार ठेवली हाय!" श्वास कुठे घ्यायचा, कुठे झपाट्याने उरकायचं, ओठ कुठे मिटतात, सगळं बिनचूक. इतक्या वर्षांत असा कान मी फार थोड्यांकडे पाहिला आहे.

चित्रपट थांबवून मी विचारलं, "कुठे शिकलात हे? गाव कोणतं तुमचं?"

गजाननचा जबडा ताठरला. "ते... ते... ते..."

"तेल्हारा," कांताबाई म्हणाल्या आणि फुलं ओवत राहिल्या.

मग मला कळलं. गजानन लहानपणापासून अडखळतो. पण पडद्यावर दुसऱ्याचं तोंड हलत असेल तर त्याला शब्द अडत नाहीत. पोरवयात टीव्हीचा आवाज बंद करून तो अख्खे चित्रपट एकटा बोलायचा. घरच्यांना वाटलं, पोरगं वेडं झालं.

दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना असे चित्रपट कसे बनत ते सांगत होते. आधी गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं आणि मग त्यावर ओठ हलवत नाच चित्रित व्हायचा. नटीचा गळा बरा नसेल तर दुसरीच बाई गायची आणि तिचं नाव बरेचदा पडद्यावर यायचं नाही. आणि बुटांचा तो टकटक आवाज? तो पुष्कळदा नंतर भरलेला असायचा. वेगळ्या खोलीत लाकडी फळी ठेवत, नाचणारा स्वतःचेच पाय पडद्यावर बघत पुन्हा नाचायचा.

गजानन पुढे झुकला. "म्ह... म्हनजे त्यालेबी दोन्ही एकदम ज... जमत नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पडद्याकडे वळला.

गुरुवारचा खेळ रंगला. सभागृह भरलं होतं. माझ्या पुणेरी वाक्यांना लोक हसले, कांताबाईंच्या आत्याला शिट्ट्या मिळाल्या, आणि गजाननच्या प्रत्येक थापेला टाळ्या. खेळ संपल्यावर लोक आमच्याभोवती गोळा झाले. मोबाईलवर बातम्या टाकणारा एकजण कॅमेरा घेऊन गजाननसमोर उभा राहिला. "भाऊ, काय वाटून राह्यलं तुमाले आज?"

मी दोन माणसांच्या मागे होते. मला सगळं दिसत होतं, पण पोचता येत नव्हतं. गजाननचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मानेची शीर तटतटली. डोळे मिटले. त्या माणसाने कॅमेरा खाली घेतला नाही. कोणीतरी खुदकन हसलं. गजानन गर्दी सारून मागच्या दाराने निघून गेला.

सकाळपर्यंत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरला. वर लिहिलं होतं, 'बोलपटाचा मुका हिरो'. गजाननचा फोन बंद होता. रमेशभाऊंना त्याचा एवढाच निरोप आला होता: अकोल्याले दुसरा पहा.

तेल्हाऱ्याच्या वाटेवर

दुसरा कुठून बघणार? रमेशभाऊ म्हणाले, मीच बोलतो नायकाचं. मग माणूस स्वतःशीच भांडतोय असं वाटलं असतं, कारण मुलीचा बापही तेच होते. "चला," मी म्हटलं. "आत्ता निघू." कांताबाईंनी गाडीत झेंडूची पिशवी टाकली. रिकाम्या हातानं कोणाच्या घरी जाऊ नये म्हणाल्या आणि स्वतः बाजारात निघून गेल्या.

दर्यापूरकडे दोन्ही बाजूंना हरभरा पसरला होता. जमीन काळी, सपाट, नजर अडत नाही. पुण्याच्या माणसाला डोंगर नसला की रस्ता संपेल असं वाटतच नाही. वाटेत चहाला थांबलो. चहा खारट लागला. मी कप परत करणार तेवढ्यात रमेशभाऊ हसले. "खारपानपट्टा हाय ताई. इथलं पानीच खारं. साखर जास्त टाका आन् प्या." मला पिववेना. मी टपरीभोवती दोन चकरा मारल्या. मनात एकच चाललं होतं, जाऊन त्याला सांगायचं काय? 'चला, लोकांना तुमचा आवाज हवाय, तुम्ही नको'? माझ्या धंद्यात आम्ही हेच करतो. आवाज द्यायचा आणि काळोखात बसायचं. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटत होतं, आणि ते वाटणं मला गाडीत नीट बसू देत नव्हतं. रमेशभाऊ एकदा वैतागून म्हणाले, "ताई, तुमी पाय हालवता तर गाडी हालून राह्यली."

अकोटच्या पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली.

तेल्हारा

घर गावाच्या कडेला. अंगणात कापसाचा शेवटचा वेचा पसरलेला होता. गजाननची आई सुमनबाई दारातच उभी राहिली. तिने आमच्याकडे पाहिलं, झेंडूकडे पाहिलं.

"काहून नेता हो माह्या पोराले?" ती म्हणाली. "हासाले?"

रमेशभाऊ काही बोलू लागले तर तिने हात वर केला. "मोबाईल आमच्या घरीबी हाय. पाह्यलं मी. लहानपनापासून झाकत आली त्याले. दुकानात गेला की मी बोलाव, पाहुने आले की मी बोलाव. आन् तुमी त्याले भर बाजारात उभं केलं."

गजानन आतून आला. "मा... माय..."

"जेवू घाल म्हनते," सुमनबाईने त्याचं वाक्य पुरं केलं. "घालतोच ना. उपाशी काहून धाडीन?"

पण त्याला वेगळंच काही म्हणायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो ताटं घ्यायला आत गेला.

जेवायला चून, म्हणजे आपलं पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेसा आणि वांग्याची भाजी होती. सुमनबाई म्हणाली, "वरून सांबार घ्या." मी वाटी कुठे दिसते का शोधू लागले. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. तिने ती चिमटीने माझ्या ताटात टाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "पुन्याले सांबारबी माहीत नाई?"

जेवण झाल्यावर मला बसवेना. गजानन मला वावर दाखवायला घेऊन गेला. वेचून झालेल्या कापसाची झाडं, म्हणजे पराटी, अर्धी उपटून झाली होती. आम्ही धुऱ्याच्या बांधावरून चाललो. मी भरभर पुढे जायचे, थांबायचे, परत मागे यायचे. तो मात्र एका चालीने येत होता. मी काय काय बोलले ते आता धड आठवत नाही. बरंच बोलले. तो माणूस नालायक होता, लोक विसरतील, तुमच्यासारखा कान नाही कोणाचा. तो ऐकत होता. मग थांबला.

"ताई, तुमी ज... जरा चूप राहा."

 सांगायला त्याला वेळ लागला. मी एकही शब्द पुरवला नाही. जिभेवर शब्द तयार असताना तो न बोलणं किती अवघड असतं, हे मला त्या धुऱ्यावर कळलं. तो जे म्हणाला ते सलग लिहिते, पण ते सलग आलं नव्हतं.

"त्या हिरोचं मी बोलतो तवा तो बोलते, मी नाई. लोकायनं टाळ्या वाजवल्या त्या त्याले. मंग कॅमेरा माह्याकडं आला, तं मी कोठीच नव्हतो. अकोल्याले मी येतो. पन हिरो माह्यासारखा बोलन."

"म्हणजे?"

"च... चाचरन."

मी तडकाफडकी नकार दिला.  ओठ जुळणार नाहीत. तो गोरा घडाघडा बोलतो, त्याला अडखळत कसं बोलता येईल? प्रेक्षकांना वाटेल आमचंच काही बिघडलं. गजाननने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो थापा मारते का नाई?"

"मारतो."

"थापा मारताना मानूस घ... घाबरत नाई का?"

मी धुऱ्यावरच खाली बसले, चांगल्या साडीनिशी. फोनवर चित्रपट होता. त्या उन्हात पदराची सावली धरून आम्ही नायकाचे प्रसंग पाहिले. पुन्हा पुन्हा पाहिले. आणि खरंच, थाप मारण्याआधी तो नट दर वेळी किंचित थांबत होता. टोपी सरळ करत होता. गळ्याचा बो चाचपत होता. तोंड अर्धवट उघडून नायिकेकडे बघत होता. मी त्या सगळ्या जागा वाक्यांनी बुजवून टाकल्या होत्या, रिकामं काही राहू नये म्हणून. लांब वाक्यं छाटली तर तिथे जागा होती. माणसाला अडखळता येईल इतकी.

रमेशभाऊ आम्हाला शोधत आले तेव्हा आम्ही भांडत होतो. गजाननला प्रत्येक थापेत अडखळायचं होतं आणि मी म्हणत होते, थोडं ठेवा, सगळं नको.

"ब... बरं," तो म्हणाला. "पन शेवटी खरं बोलते तवा स... सरळ बोलन. धाडकन."

शनिवारी तिथेच तालीम केली, आणि रविवारी सकाळी निघताना सुमनबाईने दाराला कुलूप लावलं आणि काही न विचारता गाडीत येऊन बसली.

अकोला

अकोल्याला ऊन अमरावतीपेक्षा दोन पावलं पुढेच होतं. सभागृहातले पंखे जुने, त्यांची घरघर माइकमध्ये शिरू लागली. रमेशभाऊंनी ते बंद करायला लावले. दुपारची वेळ, लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. कांताबाई एसटीने येऊन पोचल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांच्या मनगटांवर मोगऱ्याचे गजरे बांधले, रमेशभाऊंच्याही. सुमनबाई तिसऱ्या रांगेत कडेला, पदर तोंडावर धरून बसली.

बऱ्याच जणांनी तो तुकडा पाहिला होता. गजानन माइकपाशी आला तेव्हा कुजबुज झाली ती मी ऐकली. 

पहिली थाप. पडद्यावर नायकाने टोपी सरळ केली.

"माह्या ब... ब... बापाच्या लय मोटारी हायेत."

 मग मागून एक हसू आलं, ते गुरुवारसारखंच.  गजाननने नजर पडद्यावरून हलवली नाही. नायिका म्हणते, "किती?" आणि पडद्यावर नायक बो चाचपतो.

"मो... मो... मोजतो अन् सांगतो."

आता हसले ते सगळे हसले. थापाड्याची फजिती पाहून हसले. त्यानंतर नायक अडकला की लोक वाट बघायला लागले, आता हा काय पुडी सोडतो. कांताबाईंची आत्या तर संहितेबाहेर जाऊन ओरडली, "मुडद्या, थाप तरी धड मार!" छप्पर उडालं. मी माझी वाक्यं म्हणत होते आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. एवढं नीट चाललंय म्हणजे पुढे काहीतरी होणार, असं मला सारखं वाटत होतं.

शेवटचा प्रसंग आला. पांढरा जिना. नायक नायिकेसमोर उभा राहतो आणि खरं सांगतो. इथे गजानन सरळ बोलणार होता. एकच वाक्य, 'मी लक्षाधीश नाई, जोडे विकतो मी.' तालमीत त्याने ते लोण्यातून सुरी फिरावी तसं म्हटलं होतं.

"मी लक्षाधीश नाई," तो म्हणाला. "जो..."

आणि अडकला. हे ठरवलेलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी होते. मानेची शीर दिसत होती. पडद्यावरच्या नायकाने आपलं वाक्य संपवलं, ओठ मिटले. नायिका हसली, काहीतरी बोलली, तिने हात पुढे केला. ते माझं वाक्य होतं. मी ते म्हटलं नाही. तिचा हात धरून नायक पहिली पायरी चढला. इथे रमेशभाऊंनी संगीत सुरू करायचं होतं. त्यांचं बोट बटणावर होतं. ते गजाननकडे बघत राहिले.

पडद्यावर दोघं नाचायला लागले. त्यांच्या बुटांना आवाज नव्हता. पंखे बंद होते. हातातल्या कागदांचा वारासुद्धा थांबला होता. सबंध सभागृह, एवढी माणसं, एका अक्षराच्या पुढे काय येतं त्यासाठी थांबली होती. मला तो शब्द माहीत होता. तो माझ्या दातांमागे होता. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सुमनबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"जो... जो... जोडे विकतो मी," गजानन म्हणाला. "दुसऱ्याच्या पायातले."

नायक तेव्हा निम्मा जिना चढून गेला होता, आमच्याकडे पाठ करून.

"मला माहीत होतं," मी नायिकेच्या पाठीला आवाज दिला. इतक्या वर्षांत एवढं बेताल वाक्य मी कधी बोलले नव्हते.

रमेशभाऊंनी बटण फिरवलं. बँड, बुटांची टकटक आणि टाळ्या एकदमच आल्या. कुठला आवाज कशाचा ते मला वेगळं करता आलं नाही.

नंतर लोक भेटायला आले. एका बाईंनी गजाननचा हात हातात घेऊन नुसता दाबला. दोघातिघांनी मला विचारलं, शेवटचं ते मुद्दाम केलं होतं का? मी नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. कांताबाईंनी गजाननला पाठीत एक धपाटा घातला आणि गळ्यात हार टाकला. सुमनबाई मात्र रागावली होती. कोणावर ते कळेना. गाडीपाशी आल्यावर बोलली.

"ते गोरी बाई," ती म्हणाली. "पोरगा बोलून राह्यला, अन् हे लागली नाचाले. थोडी थांबाले पाह्यजे होती का नाई?"

"पाहिजे होती," मी म्हटलं.

मी संध्याकाळच्या गाडीने परतले. पुण्यात उतरल्यावर घरी येऊन आधी हॉलमधून गॅलरीत गेले आणि गॅलरीतून हॉलमध्ये आले. वऱ्हाडात जाऊन माझा स्वभाव बदलला, असं काही सांगता यायचं नाही.

परवा दुपारी फोन वाजला. उचलला तर पलीकडे काहीच नाही. रेंज गेली असेल म्हणून मी कट करणार होते, तेवढ्यात कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. नंबर पाहिला. गजाननचा. मी फोन कानाला लावून गॅलरीत उभी राहिले. खालून भाजीवाला ओरडत गेला, तो पार वळणाआड गेला.

"त... ताई," गजानन म्हणाला. "पुढच्या खेपेले मले व... विलन द्या."

"विलन? का हो?"

"त्यो बोलतेबी जास्त," तो म्हणाला, "आन् त्याले मंधात कोनी टोकत नाई."